पिठाच्या डब्यामागची कॉफी

संशय घेणं हा माझा स्वभाव नसून नोकरी आहे, हे मी लग्नाआधीच सासरच्या मंडळींना स्पष्ट सांगितलं होतं. मी विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. कुणाचं दुकान जळालं, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं, कुणाची गाडी झाडावर आदळली, की भरपाईचे कागद माझ्या टेबलावर येतात आणि झाड गाडीच्या आडवं आलं की गाडी झाडाच्या, हे मी ठरवतो. दिवसभर लोकांवर अविश्वास दाखवल्यावर तो संध्याकाळी शर्टाबरोबर खुंटीला टांगून ठेवता येत नाही. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "असू दे, माणूस सावध आहे." असं काही आपण बोललो होतो, हे त्या हल्ली मान्य करत नाहीत.

त्यामुळे त्या सकाळी बायकोनं कॉफीचा कप माझ्यापुढे ठेवला आणि "कशी झालीये?" असं विचारलं, तेव्हा माझे कान टवकारले गेले यात माझा काही दोष नाही.

आमच्याकडे सकाळची कॉफी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी दोन खुर्च्या आहेत. तिथे बसून आम्ही दोघं कॉफी पितो आणि समोरचा लाँड्रीवाला दुकानाचं शटर वर ढकलताना बघतो. ते शटर अर्ध्यावर अडकतं, तो त्याला लाथ मारतो, मग ते वर जातं. फार बोलणं होतं असं नाही. पण मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यापासून आम्ही दिवसाकाठी एकमेकांसमोर बसतो ते तेवढंच. नंतर मी ऑफिसात, ही तिच्या शाळेत, आणि संध्याकाळी दोघांनाही एकमेकांना सांगण्यासारखं काही उरत नाही. तेव्हा ती कॉफी म्हणजे नुसती कॉफी नव्हती. आमच्या संसाराची अख्खी इमारत हल्ली त्या दोन कपांवर उभी होती म्हणा ना.

आणि इतक्या वर्षांत हिनं "कशी झालीये?" असं कधीही विचारलं नव्हतं. जो दावेदार आपण होऊन "सगळं व्यवस्थित आहे ना साहेब?" असं विचारतो, त्याच्या गोदामाला आग बाहेरून लागलेली नसते, हा माझा अनुभव आहे.

"चांगली झालीये," मी म्हणालो आणि जिभेवर घोट घोळवला. फिकी होती. म्हणजे आदल्या क्षणापर्यंत नव्हती, पण तिनं विचारल्याबरोबर झाली. मग माझी नजर ओट्याकडे गेली. शेगडीवर दोन भांडी होती. एवढी वर्षं एकाच भांड्यात दोघांची कॉफी होत आली होती.

"दोन भांडी का गं?"

"मला हल्ली दूध कमी लागतं," ती म्हणाली. उत्तर चटकन आलं. खरी उत्तरं अडखळत येतात, थोडी डोकं खाजवत येतात. पाठ केलेलं उत्तर मात्र असं इस्त्री करून येतं.

त्या दिवशी ऑफिसातून आल्यावर मी फ्रिजकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. वर्तमानपत्रातलं एक कात्रण तिथे चिकटवलेलं होतं : 'कॉफी : मित्र की शत्रू?' मित्राच्या बाजूला तरतरी, यकृताची काळजी, मधुमेहाचा धोका म्हणे कमी. शत्रूच्या बाजूला झोपेचं खोबरं, आम्लपित्त, रक्तदाब, छातीत धडधड. शिवाय अधेमधे 'संशोधकांचे याबाबत एकमत नाही', म्हणजे लेख लिहिणाऱ्यानं स्वतःची सुटका करून घेतलेली. तांबड्या पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या आणि त्या सगळ्या शत्रूच्या बाजूला होत्या. बायको मराठी शिकवते. तिची तांबडी पेन्सिल मी ओळखतो, तिच्यापुढे वर्ग चळाचळा कापतो.

सगळा प्रकार लख्ख झाला. माझी कॉफी सोडवायचा घाट घातला गेला होता. सरळ सांगितलं तर मी ऐकणार नाही, म्हणून डब्यातली पूडच बदलण्यात आली होती. खऱ्या कॉफीच्या जागी कसली तरी बेचव, निर्जीव, दमच नसलेली भुकटी. आणि स्वतःसाठी? स्वतःसाठी दुसरं भांडं!

असल्या प्रकरणात त्रयस्थाचं मत घ्यावं, असा आमच्या खात्याचा नियम आहे. मी वरच्या मजल्यावर पाराकाकांकडे गेलो. पाराकाका निवृत्त आहेत आणि त्यांच्याकडे रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं जुनं यंत्र आहे. जिन्यात कुणीही भेटलं की ते त्याचा दंड पकडतात. दूधवाला त्यांच्या भीतीनं पिशव्या खालीच ठेवून पळतो.

"कॉफी?" पाराकाका माझ्या दंडाला पट्टा आवळत म्हणाले. "विष आहे विष! घोट घेतला की पारा वर. मी स्वतः बघितलाय."

"पण काका, मला तर हल्ली प्यायल्यावर काहीच होत नाही."

"मग ती कॉफीच नव्हे," ते म्हणाले आणि इतक्या सहजपणे एका कुटुंबाच्या पायावर कुदळ मारून मोकळे झाले.

आमच्या समोरच्या दारात ग्रंथपालबाई राहतात. त्यांनी सगळं वाचलेलं असतं, निदान पाठीमागचा मजकूर तरी. त्या म्हणाल्या, "पाराकाकांचं काय ऐकता? कॉफी यकृताला उत्तम. स्मरणशक्तीला उत्तम. फक्त जेवणानंतर घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. जेवणाआधी घेऊ नका, पित्त होतं. संध्याकाळी तर मुळीच नको."

"मग घ्यायची कधी?"

"ते पुस्तकात नव्हतं."

यावर पाराकाका वरून कठड्यावर वाकून काही तरी बोलले, बाईंनी खालून उत्तर दिलं आणि त्यांचं यकृत-विरुद्ध-रक्तदाब असं जे भांडण जुंपलं ते मी दार लावून घेतल्यावरही ऐकू येत होतं. माझ्या दुःखाची दोघांपैकी एकालाही आठवण राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिता पिता बेल वाजली. बायको दार उघडायला गेली, तेवढ्यात मी तिच्या कपातला एक घोट घेतला. अहाहा! काय सांगू! कडक, खरपूस, जरासा जळका असा स्वाद. अंगातून वीज गेली. माझी कॉफी त्यापुढे अगदीच मुळमुळीत वाटली. म्हणजे खरा माल दुसऱ्या भांड्यात जात होता तर! मला सोडवायची आणि स्वतः ढोसायची. मला राग आला नाही. मला वाईट वाटलं. राग नंतर आला.

ती शाळेत गेल्यावर मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्वयंपाकघराची झडती घेतली. रोजच्या कॉफीचा डबा नेहमीच्या जागी, सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. साळसूदपणे. मी फडताळातले डबे एकेक करून खाली काढले. आणि पिठाच्या मोठ्या डब्यामागे, अगदी भिंतीला टेकून, एक लहान डबा निघाला. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. झाकण उघडलं, तोच तो खरपूस वास. आत काळीभोर पूड.

खऱ्या वस्तूला लपवतात, खोट्या वस्तूला कोण लपवतं? मी त्या डब्यातला एक चमचा घेऊन स्वतःच्या हातानं कॉफी केली आणि खिडकीपाशी एकट्यानं बसून प्यायलो. लाँड्रीवाल्याचं शटर कधीच उघडून झालं होतं. कॉफी उत्तम होती, पण समोरची खुर्ची रिकामी होती, म्हणून तिची पुरती लज्जत काही आली नाही.

आता प्रश्न असा की चमचाभर पूड कमी झालेली हिच्या लक्षात आली तर? शिक्षिकेची नजर, वर्गात एक मूल कमी असलं तरी तिला कळतं. तेव्हा मी रोजच्या डब्यातली, म्हणजे खोटी, चमचाभर पूड घेऊन त्या लपवलेल्या डब्यात टाकली आणि हलवून सारखी केली. फिट्टंफाट! विमा खात्यात इतकी वर्षं काढल्यावर लबाडी करायची वेळ आली तर माणसाचा हात बसलेला असतो.

हा माझा नेम झाला. सकाळी हिच्यासमोर बसून मुळमुळीत कप हातात धरायचा, ओठ ओले करायचे, ही वळली की उरलेली खिडकीतल्या कुंडीत. ही गेली की लपवलेल्या डब्यातली एक चमचा पूड माझ्या पोटात आणि तिच्या जागी उघड्या डब्यातली एक चमचा पूड. कुंडीतल्या झाडाला ती खोटी कॉफी भलतीच मानवली. जे जिवंत आहे की नाही याबद्दल इतकी वर्षं शंका होती, त्याला आता पालवी फुटली.

माझ्या प्रकृतीत मात्र अद्भुत फरक पडला. रात्री पाठ टेकली की झोप. पाराकाकांनी जिन्यात पकडून पट्टा बांधला, तर पारा चक्क खाली. "काय करता काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"अस्सल कॉफी," मी म्हणालो. "भेसळ नसली की कॉफी रक्तदाब वाढवत नाही, उलट उतरवते. लोकांना शुद्ध मिळतच नाही, तिथेच सगळं बिनसतं." पाराकाकांनी पहिल्यांदाच वाद न घालता पट्टा सोडला. ग्रंथपालबाईंनी माझं हे मत कुठल्याशा पुस्तकात आपण वाचल्याचं सांगितलं.

सुरुवातीला डोकं तेवढं ठणकत होतं आणि ऑफिसात डुलक्या येत होत्या. एकदा साहेबांसमोर, एका जळक्या गोदामाच्या फायलीवर, माझं कपाळ टेकलं. पण शरीरातून खोट्या कॉफीचा अंमल उतरताना असं व्हायचंच, अशी मी माझी समजूत घातली.

इकडे बायकोचं वागणं दिवसेंदिवस जास्तच संशयास्पद होत चाललं होतं. चेहरा उतरलेला. शाळेतून आली की आडवी व्हायची. मधूनच छातीवर हात ठेवून बसायची आणि मी पाहिलं की पटकन हात काढायची. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. भरीत भर म्हणजे आठवड्यात तीनदा "शिंप्याकडे जाऊन येते" म्हणून बाहेर पडली आणि तिन्ही वेळा शिवलेलं किंवा न शिवलेलं एकही कापड घरात आलं नाही. शेवटी तर तिनं फोन करून सासूबाईंना बोलावून घेतलं. दावा अंगाशी यायला लागला की लोक आधी वकील गाठतात, ते मला ठाऊक होतं.

म्हणून मी पुढचं पाऊल उचललं. ते मी उचलायला नको होतं.

गावात अन्न तपासणीचं सरकारी कार्यालय आहे. रोजच्या डब्यातली पूड औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून मी तिथे गेलो. माझा हेतू इतकाच होता की शिक्कामोर्तब झालेला एक अहवाल हातात यावा, तो एखाद्या सकाळी मी कपाशेजारी ठेवावा आणि मुकाट्यानं हिच्याकडे बघावं. एवढंच. मारामारी नाही, आरडाओरडा नाही.

खिडकीतल्या कारकुनानं बाटली नाकाशी धरली. "खोकल्याचं औषध?"

"कॉफी. तीत भेसळ आहे."

"तक्रार कुणाविरुद्ध?"

"कुणाविरुद्ध असं नाही. नुसतं तपासून द्या."

"नुसतं तपासत नाही आम्ही. इथे काय प्रदर्शन आहे? उत्पादक, विक्रेता किंवा साठवणूकदार, तिघांपैकी एक तरी पाहिजे."

दुकानदार बिचारा निर्दोष होता, त्याचं नाव कशाला घ्या. "घरातल्या डब्यातली आहे," मी म्हणालो.

"डब्यात कोण भरतं?"

"बायको."

"मग साठवणूकदार त्याच." त्यानं भराभर लिहायला घेतलं. "ओळखता त्यांना?"

"बऱ्यापैकी."

"संबंध?"

"सध्या जरा ताणलेले आहेत."

त्यानं तेही लिहिलं. मग बाटली मला परत दिली. "उघडा नमुना चालत नाही. अधिकारी जागेवर येऊन नमुना घेतील. दोन पंच लागतील, आरोपीशी वैर नसलेले."

'आरोपी' हा शब्द ऐकून मी बाटली घाईघाईनं खिशात घातली. "घरी कुणी यायला नको हो! मी तक्रार मागे घेतो."

"मागे घ्यायला आधी ती नोंदली जायला हवी. नोंद झाली की अधिकारी येणार. अधिकारी येऊन गेले की मग अर्ज द्या मागे घ्यायचा."

"कधी येतील ते?"

"सांगून आलं तर भेसळ सापडते का?" तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बेल वाजली की माझा जीव टांगणीला. पंच म्हणून मी पाराकाका आणि ग्रंथपालबाईंना गाठलं, त्यांच्याकडून गुप्ततेची शपथ घेतली आणि त्यामुळे संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या इमारतीला कळलं. जिन्यात लोक मला वाट करून देऊ लागले. तळमजल्यावरच्या बाई तर बायकोला बघून हळहळायच्या. बायकोला वाटलं, आपल्या तोंडावर काही दिसतंय की काय.

अधिकारी आला तो नेमका सुट्टीच्या सकाळी. आदल्याच दिवशी सासूबाई आल्या होत्या. त्या खिडकीतल्या माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या, मी उभा होतो.

"साठवणूकदार कोण?" दारातूनच त्यानं विचारलं. बॅग, शिक्के, लाख, दोरा असा जामानिमा होता. मागे पाराकाका यंत्रासकट आणि ग्रंथपालबाई चष्म्यासकट उभ्या होत्या.

"काय साठवलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"कॉफी. तक्रार आहे, भेसळीची."

"आमच्या कॉफीत भेसळ?" बायको म्हणाली. "कुणी केली तक्रार?"

अधिकाऱ्यानं कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी कुंडीकडे पाहिलं.

"अहो?" बायको म्हणाली. नुसतं "अहो". पण त्या दोन अक्षरांत तिनं मला वर्गाबाहेर उभं केलं.

"ते नंतर बोलू," अधिकारी म्हणाला. त्याचं वय फार नव्हतं, आणि नवरा-बायकोच्या मध्ये उभं राहायचा सराव नसावा. त्यानं रोजचा डबा मागितला. "पक्कं तर प्रयोगशाळाच सांगेल, पण एक साधी खूण असते. गार पाणी द्या ग्लासात." त्यानं चिमूटभर पूड पाण्यावर भुरभुरवली. पूड तरंगत राहिली. "ही कॉफीच दिसतेय. दुसरं काही असतं तर खाली गेलं असतं आणि पाण्याला रंग सुटला असता. तक्रारदार, कुठे आहे भेसळ?"

मी त्या ग्लासाकडे बघतच राहिलो. इतके दिवस मी जी कुंडीत ओतली ती खरी कॉफी होती! मग मी पीत होतो ते काय होतं? सासूबाईंच्या समोर माघार घेणं शक्य नव्हतं. मी फडताळ उघडलं, पिठाचा डबा बाजूला केला आणि लपवलेला डबा ओट्यावर आदळला. "हा तपासा!"

बायकोचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, सापडली!

दुसऱ्या ग्लासात चिमूट पडली. थोडी पूड वर तरंगली. बाकीची संथपणे तळाला गेली आणि तिच्या मागे तांबूस रेघा उतरत गेल्या. पंचांनी माना पुढे काढल्या. "ही मात्र भेसळ," अधिकारी म्हणाला. "कॉफीत काही तरी मिसळलंय."

"कॉफीत नाही," बायको हळूच म्हणाली. "ती कॉफी नाहीच. तो जव आहे. भाजून दळलेला. पण... त्यात कॉफी कशी आली?"

मग तिनं सांगितलं, माझ्याकडे न बघता, अधिकाऱ्याला. तिच्या छातीत धडधड व्हायची. डॉक्टरांकडे गेली तर ते म्हणाले, घाबरण्यासारखं काही दिसत नाही, पण कॉफी बंद करून बघा. तिनं केली. जवाची कॉफी प्यायला लागली आणि बरं वाटलं. मग मध्येच पुन्हा धडधड सुरू झाली, पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टरही चक्रावले. कॉफी बंद असूनही होतंय म्हटल्यावर मोठी तपासणी करायला सांगितली, उद्याच. "म्हणून आईला बोलावलं," ती म्हणाली. "मला भीती वाटत होती."

म्हणजे तो शिंपी नव्हता.

"आणि मी आईला म्हणतही होते," ती पुढे म्हणाली, "हल्ली हा जव एवढा चांगला कसा लागतोय!"

"ह्यात कॉफी मिसळली कुणी?" अधिकाऱ्यानं विचारलं. पेन उघडं होतं.

गोदामाला आग कुणी लावली हे शोधायची माझी नोकरी, आणि काडी माझ्याच हातात निघाली. "मी," मी म्हणालो. "रोज एक चमचा." आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना मला स्वतःची जितकी लाज वाटली, तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती. लाजेपेक्षाही भीती वाटत होती. समोर बसून मी रोज बघत होतो, तिचा हात छातीवर जात होता, आणि मी त्याला चांदणं म्हणत होतो. आपण काय करून बसलो होतो, आणि आणखी महिनाभर हे असंच चाललं असतं तर काय झालं असतं, याचा विचारच करवेना.

बायको स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मी पुढे झालो, तर ती हसतही होती. "म्हणजे मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आई, मला काही झालेलं नाही. ह्यांनीच केलंय!"

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "माणूस सावध आहे म्हणतात तो असा." एवढंच बोलल्या. बाकीचं त्यांनी राखून ठेवलं आहे आणि ते मला हप्त्याहप्त्यानं मिळतं आहे.

अधिकारी पेचात पडला. तक्रारदार आणि भेसळ करणारा एकच निघाला, तर काय लिहायचं याची सोय त्याच्या कागदात नव्हती. ग्रंथपालबाईंनी त्याला मदत करायचा प्रयत्न केला. पाराकाकांनी त्याचाच दंड पकडून रक्तदाब घेतला, तो वाढलेला निघाला. शेवटी "कौटुंबिक गैरसमज, चौकशी चालू" असं काहीसं लिहून तो गेला. कॉफी विचारली, तर नको म्हणाला.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? माझ्यासाठी म्हणून कॉफी सोडली असती, इमारतभर त्याचा डंका पिटला असता आणि मग डोकं धरून बसला असता. आणि तुम्ही नुसते एकटे पीत बसलात तर मी समोर कशाला बसणार? तेवढीच तर वेळ असते आपली." तिनं डोळे पुसले. "कपात काय आहे त्याला कोण विचारतंय?"

हे ऐकल्यावर मी तिनं सांगितलेलं तेच केलं. त्याच क्षणी जाहीर केलं की आजपासून या घरात कॉफी बंद. दोघंही जव पिणार. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि मोठी तपासणी पुढे ढकलली. ताज्या, शुद्ध, बिनभेसळीच्या जवावर आठवड्याभरात बायकोची धडधड थांबली. माझी सुरू झाली नाही एवढंच. बाकी सगळं झालं. हा जव मला आधीही चांगला सोसला होता, असं मी स्वतःला बजावत होतो. पण आता तो अस्सल कॉफी म्हणून प्यायचा नव्हता, जव म्हणून प्यायचा होता, आणि त्यात फार फरक पडतो. डोकं ठणकायचं. मी चिडचिडा झालो. मान टाकून फायलींवर पडायला लागलो. साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? पण सकाळी खिडकीपाशी बसून "मस्त आहे गं हे" असं मी दर घोटाला म्हणायचो. शब्द दिला होता.

मग एका सकाळी कप हातात घेतला आणि पहिल्याच घोटाला डोळे लख्ख उघडले. समोर लाँड्रीवाल्यानं शटरला लाथ मारली, तीसुद्धा मला नेहमीपेक्षा स्वच्छ ऐकू आली. मी ओट्याकडे पाहिलं. शेगडीवर दोन भांडी होती.

तेवढ्यात फोन वाजला. अन्न तपासणीचा तोच अधिकारी. "तुमचं प्रकरण बंद करायचंय साहेब. फक्त विचारून घेतो, घरात आता भेसळ होत नाही ना?"

बायको खिडकीबाहेर बघत होती. अगदी एकाग्रतेनं, जणू त्या शटरवर उद्याचा पाठ लिहिला होता.

"छे हो," मी म्हणालो. "एकदम शुद्ध. काही तक्रार नाही."

"कोण होतं?" तिनं विचारलं.

"राँग नंबर."

तिनं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. मग तिचा जवाचा कप उचलला. "कशी झालीये?"

"जव आज चांगला लागतोय," मी म्हणालो, आणि कप पुढे केला. "अजून आहे का?"